गेटवर आलेला माल म्हणजे हातात आलेला माल नव्हे : फार्मा प्लॅनिंगमध्ये नव्याने लागणाऱ्यांसाठी

गोव्यात वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत औषध कंपनीच्या प्लॅनिंग खात्यात रुजू होणाऱ्याला बीओएम (उत्पादनाला लागणाऱ्या मालाची यादी) आणि एमआरपी (कुठला माल कधी, किती लागेल याचा हिशेब) ठाऊक असतंच, त्यामुळे ते इथे उगाळत नाही. लिहायचं आहे ते लीड टाइमबद्दल, म्हणजे ऑर्डर टाकल्यापासून माल वापरायला मिळेपर्यंतच्या दिवसांबद्दल. नवख्याच्या हातून पॅकिंग लाइन थांबते ती बहुधा इथेच, आणि तेव्हा सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे वळतात. ते सोपं नसतं.

सप्लायर म्हणतो, 'आठ दिवसांत माल देतो.' आपण सिस्टिममध्ये 8 भरतो. पण आठव्या दिवशी माल फक्त गेटवर येतो. त्यानंतर जीआरएन (माल मिळाल्याची नोंद), पिवळं लेबल (तपासणी बाकी), सॅम्पलिंग, क्यूसीची म्हणजे गुणवत्ता विभागाची तपासणी, आणि मग कुठे हिरवं लेबल (वापरायला मंजूर). यात आणखी 5 दिवस सहज जातात. पिवळ्या लेबलचा माल लाइनवर नेता येत नाही, मग तो स्टोअरमध्ये छतापर्यंत रचलेला का असेना.

आता हिशेब करा. कार्टनचा रोजचा खप सरासरी 400. 8 दिवस धरले तर 3,200 उरताच ऑर्डर टाकायची. खरे दिवस 13, म्हणजे 5,200 असतानाच टाकायला हवी होती. फरक 2,000 कार्टनचा, म्हणजे पूर्ण 5 दिवस लाइन बंद. यात सेफ्टी स्टॉक, म्हणजे अडचणीसाठी राखीव साठा, अजून धरलेलाच नाही. खप कधी 500 वर गेला आणि पावसात 13 चे 16 दिवस झाले, तर 8,000 लागतील. 8,000 वजा 5,200, म्हणजे 2,800 हा सेफ्टी स्टॉक. 'दहा टक्के जास्त ठेव' हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्याला कसलाही आधार नसतो.

सॅप या प्लॅनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हा सापळा आणखी लपलेला असतो. तपासणीत अडकलेला साठा एमआरपी सर्वसाधारणपणे उपलब्धच धरते, म्हणून स्क्रीनवर शॉर्टेज दिसतच नाही. उपाय मटेरियल मास्टरमध्ये, म्हणजे प्रत्येक मालाच्या सिस्टिममधल्या नोंदीत आहे : जीआर प्रोसेसिंग टाइम (माल आल्यापासून वापरायला मोकळा होईपर्यंतचे दिवस). तिथे क्यूसीचे दिवस भरा. मात्र प्लॅन्ड डिलिव्हरी टाइम (सप्लायरचे दिवस) कॅलेंडरच्या दिवसांत मोजतात आणि हा कामाच्या दिवसांत. मधे रविवार आला की तो आपोआप वाढतो, तुम्ही वेगळा मिळवू नका. ही जागा रिकामी किंवा शून्य असेल तर पुढचे सगळे रिपोर्ट खोटं बोलतात. पहिल्याच आठवड्यात सगळ्या पॅकिंग मटेरियलची यादी काढून हा एक रकाना तपासा. कंटाळवाणं काम आहे, पण दोन दिवसांत उरकतं आणि नंतर रात्री शांत झोप लागते.

क्यूसीचे दिवस कुणाला विचारायचे? मॅनेजरला नको, स्टोअरकीपरला विचारा. कुठला माल किती दिवस पिवळा राहतो हे त्याला तोंडपाठ असतं. सर्टिफिकेट कोर्स नंतरही करता येईल. आधी महिनाभर रोज सकाळी अर्धा तास स्टोअरमध्ये उभे राहा.

नासाडीचा हिशेबही नीट करा. 2 टक्के रिजेक्शन असेल तर 10,000 चांगले नग मिळवायला 10,200 नव्हे, 10,205 लागतात, कारण 0.98 ने भागायचं असतं. दोन टप्पे असतील, एकात 2 आणि दुसऱ्यात 5 टक्के, तर आकडा 10,742 वर जातो.

रस्त्याचं गणित मात्र गोव्याचं वेगळंच. बेळगाव-हुबळीकडून येणारा माल अनमोड घाटातून उतरतो. पावसात दरड कोसळली की गाड्या तिथेच थांबतात, आणि चोर्ला घाटाकडे वळवायचं म्हटलं तर अवजड गाड्यांवर निर्बंध येऊ शकतात. अशा वेळी ई-वे बिलाकडे (माल वाहतुकीसाठी लागणारं जीएसटीचं ऑनलाइन बिल) लक्ष ठेवा. दर 200 किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते, आणि ती वाढवायची सोय मुदत संपण्याआधीच्या 8 आणि नंतरच्या 8 तासांतच मिळते. ट्रान्सपोर्टर करील असं धरून बसू नका, स्वतः फोन करा.

राहिली चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. 2025 ला ती 27 ऑगस्टला होती, 2026 ला 14 सप्टेंबरला आहे, म्हणून मागच्या वर्षाचा प्लॅन तारखेसकट उचलू नका. सावंतवाडी-बांद्याकडची माणसं दोन-तीन दिवस आधीच घरी निघतात, त्यामुळे लाइनचे ऑपरेटर कमी पडणार हे सगळे धरून चालतात. क्यूसीची माणसंही सुट्टीवर जातात, हे मात्र विसरलं जातं. चवथीच्या आदल्या आठवड्यात गेटवर आलेला माल सुट्टी संपेपर्यंत पिवळाच राहतो. चवथीनंतरच्या पहिल्या आठवड्याला लागणारा माल निदान दोन आठवडे आधी आत घ्या, आणि तपासणीचा क्रम क्यूसीच्या प्रमुखांशी समोर बसून ठरवा, ईमेलवर नव्हे.