रेशनमध्ये घोळ वाटतोय? तक्रारीआधी या चुका टाळा

सोलापुरात रेशनच्या रांगेत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "दारात बुलेट आहे की ओ, तरी फुकटचं धान्य नेतो!" बुलेट दिसते, उत्पन्न दिसत नाही. गाडी भावाची असेल, हप्त्यावरची असेल. रेशनच्या धान्याला पात्र ठरणाऱ्या 'प्राधान्य कुटुंबा'साठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात 59 हजार आणि ग्रामीण भागात 44 हजार रुपये आहे. तेव्हा तक्रारीच्या अर्जात 'पैसेवाला आहे' लिहू नका. घरात कायम पगाराची नोकरी असल्याचं पक्कं माहीत असेल, तर तेवढंच लिहा.

दुसरी चूक परक्याला बोगस ठरवण्याची. कर्नाटकातल्या कलबुर्गीचं कार्ड घेऊन कुणी आपल्या दुकानात धान्य घेत असेल, तर 'एक देश एक रेशन कार्ड'मध्ये ते चालतं. आपल्याकडे कामाला येणारी माणसं काय थोडी आहेत?

आता मुख्य गोष्ट, पावती. सगळ्यात गरीब घरांच्या अंत्योदय कार्डाला महिन्याला 35 किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो. घरात चौघं असतील तर 20. पावतीवर 20 आणि पिशवीत 16 भरलं, तर चोरी शेजाऱ्याची नाही, काट्यावरची आहे. शहराच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या मावश्यांचं दुखणं वेगळंच. बोटं झिजलेली, मशीन अंगठा घेत नाही. "रेंज नाही, उद्या या" म्हणून परत पाठवलं आणि उद्या गेलं तर "तुमची उचल झालीय"! अशा वेळी भांडत बसू नका. तारीख, वेळ लिहून ठेवा आणि 'मेरा राशन' ॲपवर उचल कधीची दाखवतेय ते मुलाबाळांकडून बघून घ्या. माझ्या मते दहा शेजाऱ्यांच्या संशयापेक्षा अशी एक नोंद जास्त कामाची.

कार्डाचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं तर नकोच. घोळ तिथेच राहतो, दुसऱ्याचा नंबर मात्र गावभर फिरतो.

तक्रार 1967 वर करता येते. लेखी द्यायची तर शहरात अन्नधान्य वितरण अधिकाऱ्याकडे, तालुक्यात तहसीलच्या पुरवठा शाखेत. नाव काढायला किंवा घालायला कुणी पैसे मागितले, तर ते लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचं काम, नंबर 1064. आणि अर्ज देऊन तसंच घरी येऊ नका. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. पुढच्या खेपेला टेबलावरचा माणूस पहिल्यांदा तोच विचारतो.