आधी बॅकअपची पद्धत ठरवावी, मग हार्ड डिस्क घ्यावी

घरच्या संगणकासाठी हार्ड डिस्क घेताना बहुतेक जण आधी क्षमता आणि किंमत पाहतात. माझ्या मते कोणती माहिती गेल्यास पुन्हा मिळणार नाही, हे आधी पाहावे. ऑपरेटिंग सिस्टीम आणि प्रोग्रॅम पुन्हा इन्स्टॉल करता येतात. कौटुंबिक छायाचित्रे, हिशेब, लेखन आणि स्कॅन केलेली कागदपत्रे मात्र एकदा गेली की गेली. अशा फोल्डरांचा एकूण आकार मोजून त्याच्या किमान दुप्पट क्षमतेचा बॅकअप ड्राइव्ह घ्यावा, कारण त्यावर फायलींच्या जुन्या आवृत्त्याही राहायला हव्यात. उत्पादक क्षमता दशमान पद्धतीने मोजतात, त्यामुळे १ टीबीचा ड्राइव्ह विंडोजमध्ये सुमारे ९३१ जीबीचा दिसतो. तो दोष समजू नये.

रोजच्या कामाचा ड्राइव्ह एसएसडीच, म्हणजे चिपवर माहिती साठवणारा, असावा. त्यात फिरणारे भाग नसल्याने तो वेगवान असतो आणि धक्के अधिक सोसतो. मात्र एसएसडीवरून पुसलेली फाइल परत मिळवणे ट्रिम या, पुसलेल्या फाइलची जागा आपोआप मोकळी करणाऱ्या, सुविधेमुळे बहुधा अशक्य होते, म्हणून एसएसडी वापरणाऱ्याला बॅकअपची गरज अधिकच असते.

बॅकअपसाठी चकत्यांची पारंपरिक हार्ड डिस्क अजूनही योग्य ठरते, कारण तेवढ्याच जागेसाठी ती स्वस्त पडते आणि तेथे वेग फारसा महत्त्वाचा नसतो. मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी डिस्क पुरते. २.५ इंची बाह्य डिस्क यूएसबीवरच चालते, तर ३.५ इंचीला सहसा वेगळा अडॅप्टर लागतो. खरेदीपूर्वी ती सीएमआर (माहितीचे माग, म्हणजे ओळी, सुटे लिहिणारी) आहे की एसएमआर, हे तपशीलपत्रकात पाहावे. एसएमआर प्रकारात माहितीचे माग कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, त्यामुळे एका ठिकाणचा मजकूर बदलताना शेजारचे मागही पुन्हा लिहावे लागतात आणि दीर्घ लेखनात डिस्क मंदावते. आठवड्याच्या बॅकअपला हे चालते; रेडसाठी, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्यासाठी, सीएमआरच घ्यावी. वर्षानुवर्षे कपाटात ठेवण्याच्या प्रतीसाठी एसएसडीवर विसंबू नये, कारण वीज न मिळाल्यास तिच्या पेशींतील विद्युतभार हळूहळू ओसरतो.

पद्धतीबाबत ‘३-२-१’ हा नियम मला सर्वांत भरवशाचा वाटतो: माहितीच्या एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत क्लाउडवर ठेवता येते किंवा दुसरी डिस्क विश्वासू नातेवाइकांकडे ठेवून ठरावीक काळाने पहिलीशी अदलाबदल करता येते. येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत: रेड म्हणजे बॅकअप आणि क्लाउड सिंक म्हणजे बॅकअप. रेड १ मध्ये दोन डिस्कवर तीच माहिती एकाच वेळी लिहिली जाते, त्यामुळे चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून त्याच क्षणी जाते. डिस्क बिघडल्यास काम चालू ठेवणे एवढाच रेड १ चा उपयोग. संगणकातील बदल क्लाउडवर आपोआप उतरवणाऱ्या सिंक सेवेचेही तसेच आहे: पुसलेल्या फायली काही दिवस कचरापेटीत राहतात, पण ती मुदत संपल्यावर त्या मिळत नाहीत.

विंडोजमध्ये फाइल हिस्ट्री, मॅकमध्ये २००७ पासून असलेली टाइम मशीन आणि लिनक्समध्ये आरस्नॅपशॉट ही साधने जुन्या आवृत्त्या जपतात, म्हणून नुसत्या कॉपी-पेस्टपेक्षा ती वापरावीत. बॅकअप झाला की डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. जोडलेल्या डिस्कवरील फायली रॅन्समवेअर (खंडणीसाठी फायली अडवणारा घातक प्रोग्रॅम) कुलूपबंद करू शकते आणि विजेचा अचानक वाढलेला दाब संगणकासह तिलाही निकामी करू शकतो. घराबाहेर जाणारी डिस्क एन्क्रिप्ट करावी, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी करावी; तिचा पासवर्ड आणि रिकव्हरी की कागदावर लिहून डिस्कपासून दूर ठेवावी, कारण पासवर्ड आणि की दोन्ही हरवले तर सारी प्रतच निरुपयोगी होते.

डिस्कचे आरोग्य स्मार्ट नोंदींवरून, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवत असलेल्या नोंदींवरून, कळते. विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो वापरून त्या अधूनमधून पाहाव्यात आणि बदललेल्या किंवा प्रलंबित सेक्टरांची (डिस्कवरील खराब झालेल्या किंवा संशयास्पद छोट्या कप्प्यांची) संख्या वाढू लागल्यास डिस्क बदलावी. मात्र कोणतीही पूर्वसूचना न देताही डिस्क बंद पडते. म्हणून दर तीन महिन्यांनी काही फायली बॅकअपमधून वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून उघडून पाहाव्यात, आणि वर्षातून एकदा हीच चाचणी दुसऱ्या संगणकावर, कागदावर लिहिलेलाच पासवर्ड वापरून, करावी.