रास्पबेरी पाय ४ वर एमसीपी३००८ सतत शून्य दाखवत होती, तेव्हा

रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डाला एसपीआयवर (चिपशी डेटाची देवाणघेवाण करायची तारांची पद्धत) ही चिप जोडली; ती नॉबचं व्होल्टेज आकड्यात बदलते. नॉब कितीही फिरवा, रीडिंग ०. वायरी बदलल्या, चिप बदलली, क्लॉकचा वेग उतरवला. दोन रात्री डोक्याला ताप!

रास्पी-कॉन्फिगमध्ये (बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) एसपीआय सुरू होतंच. मग चिप बाजूला काढली, बोर्डाची पिन १९ (डेटा पाठवणारी) आणि २१ (डेटा घेणारी) एका जंपरने, म्हणजे छोट्या वायरीने, जोडून बाइट पाठवले. जसेच्या तसे परत आले, म्हणजे बोर्ड ठणठणीत. घोळ सिलेक्टच्या (कोणत्या चिपशी बोलायचं ते ठरवणाऱ्या) वायरीत होता: ती पिन २४ वर, म्हणजे सीई०, पायथनमध्ये मात्र मी ओपन(०, १) लिहिलेलं, म्हणजे सीई१, पिन २६.

दुसरा आकडा ० केला. रास्पबेरी पाय बंद करून जंपर काढला (हे विसरू नका), पिन १९ चिपच्या ११ ला, २१ चिपच्या १२ ला जोडली. चालू केल्यावर ० ते १०२३ सुरळीत.