टीपीआर-बीपीचा तक्ता भरताय? या चुका टाळा

सकाळी ड्युटीवर आले की मी टीपीआरच्या, म्हणजे ताप, नाडी आणि श्वासाच्या, तक्त्यातला श्वासाचा रकाना आधी बघते. वीस, वीस, वीस, अठरा, वीस. काल बाळंत झालेली पोरगी, दम्याचे आजोबा, कापसावर फवारणी करताना औषध बाधलेला तरणा गडी, सगळे मिनिटाला वीसच श्वास घेतात. एवढी शिस्त आमच्या स्टँडवरच्या एसटीलाही नाही.

सव्वीस वर्षं झाली नर्सच्या नोकरीला. बीड जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी दरवर्षी नव्या पोरी शिकायला येतात आणि दरवर्षी तोच वीसचा आकडा येतो. तापाला थर्मामीटर लागतो, बीपीला पट्टा लागतो, श्वासाला नुसतं घड्याळ आणि एक मिनिट पुरतं. तेवढं मिनिट मात्र कुणाकडे नसतं. मग पंधरा सेकंद मोजायचं आणि चारने गुणायचं. पंधरा सेकंदांत पाच श्वास मोजले की वीस, एक चुकून जास्त धरला की चोवीस. म्हणजे एका श्वासाची चूक चारची होऊन बसते. ज्या तक्त्यात श्वास १६, २०, २४ आणि नाडी ७२, ७६, ८०, ८४ अशी चारच्या पाढ्यातच चालते, तो कसा भरलाय ते मला विचारावं लागत नाही.

दुसरी गंमत म्हणजे सांगून मोजणं. "आजी, तुमचा श्वास मोजते हं," म्हटलं की आजी एक तर श्वास धरून ठेवतात, नाहीतर प्राणायाम सुरू करतात. माझी सवय अशी: मनगट धरायचं, मिनिटभर नाडी मोजायची आणि झाली तरी हात सोडायचा नाही. नजर तेवढी पोटाकडे वळवायची. पेशंटला वाटतं, सिस्टर अजून नाडीच बघताहेत. पदरामुळे काही दिसत नसेल तर त्यांचाच हात उचलून पोटावर ठेवायचा. हात वर गेला आणि खाली आला की एक श्वास. वरचा एक आणि खालचा एक असे दोन धरून चांगल्या माणसाचे ३६ लिहिणारीही मला भेटलेली आहे.

मोठ्या माणसाचे १२ ते २० ठीक. लेकराचं गणित वेगळं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६० आणि पुढे, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० आणि पुढे, एक ते पाच वर्षांत ४० आणि पुढे गेले की जलद श्वास. हे आमच्या आशाताईंना झोपेतून उठवून विचारलं तरी येतं, पण नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला अडखळतात. आणि रडणाऱ्या किंवा पिणाऱ्या बाळाचा श्वास मोजायचा नसतो. त्याला शांत होऊ द्या, तुमची गाडी सुटत नाहीये.

ही किरकिर मी का करते ते सांगते. २०२१ चा एप्रिल. शाळेत कोविडच्या खाटा टाकलेल्या होत्या. एका शेतकरी मामांच्या नावापुढे ऑक्सिजन ९८, पल्स ९६ असं लिहिलेलं. झकास. जाता जाता विचारलं, "मामा, जेवलात का?" मामा म्हणाले, "जेवलो... की... बाई." तीन शब्दांत दोनदा थांबले. मी खाटेवर टेकले, मनगट धरलं, पोटाकडे बघितलं. मिनिटाला ३४. म्हटलं, हा माणूस ९८ चा नाही. बोटावरचं यंत्र त्यांच्या उशाकडून वाचलं तर ऑक्सिजन ८६!

झालं असं होतं की मोजणारा पोरगा पायथ्याशी उभा राहून लांबूनच आकडे टिपत होता. यंत्रावर इंग्रजी आकडे. ते उलट्या बाजूने वाचले की ८६ चे ९८ होतात आणि ९६ उलटे केले तरी ९६ च राहतात. खोटं वाटत असेल तर कागदावर इंग्रजीत लिहा आणि कागद फिरवा. वरचं खाली आणि खालचं वर झालेलं, त्यामुळे कुठलाही आकडा ऑक्सिजनचा धरला तरी सगळं उत्तम. मामांना ऑक्सिजन लावून अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. वाचले.

तेव्हापासून माझ्या हाताखालच्या पोरींना आधी यंत्रावरचं 'एसपीओटू' (रक्तातला ऑक्सिजन) हे नाव वाचायला लावते, मग त्याच्याजवळचा आकडा. यंत्र लावल्या लावल्या वाचायचं नाही, आकडा स्थिर होऊ द्यायचा. गार पडलेलं बोट चोळून गरम करायचं. नेलपॉलिश आणि गर्द मेंदीचं बोट नको, दुसरं शोधा. आणि ९८ हे साध्या हवेवर की पाच लिटर ऑक्सिजन चालू असताना, हे लिहिलं नाही तर तो आकडा मला काही सांगत नाही.

आता शब्दांकडे येते. रात्री फोनवर "मॅडम, पेशंट हायपो झालाय" ऐकलं की माझं डोकं फिरतं. बीपी कमी, साखर कमी की अंग गार? शिवाय खरखरत्या लाइनवर 'हायपो' म्हणजे कमी आणि 'हायपर' म्हणजे जास्त, दोन्ही सारखेच ऐकू येतात. मी सांगून ठेवलंय, शब्द नको, आकडा सांगा: ऐंशी बाय पन्नास. त्यातही आपल्या मराठीची एक खोड आहे. अठ्ठ्याऐंशी आणि अठ्ठ्याण्णव फोनवर एक होतात, एकोणऐंशी आणि एकोणनव्वदचंही तेच. म्हणून सुटे अंक बोला, आठ-आठ, नऊ-आठ. हसू येतं, पण चुकत नाही.

"मला बीपी आहे" असं पेशंट म्हणतो ते ठीक. तुम्ही केसपेपरवर 'बीपी आहे' लिहू नका. बीपी सगळ्यांनाच असतो, नसला तर पंचनामा करावा लागतो.

'दम लागतो' ही पेशंटची तक्रार, तो डिस्निया. मोजून श्वास जास्त भरले तर टॅकिप्निया. एक असताना दुसरं नसूही शकतं.

बीपीच्या पट्ट्यावर मी तासभर बोलू शकते, पण थोडक्यात. पट्ट्याच्या आतल्या रबरी पिशवीने दंडाचा साधारण ८० टक्के घेर व्यापायला हवा. जाड दंडाला लहान पट्टा लावला की बीपी खोटा चढतो, वाळक्या आजीच्या दंडाला मोठा लावला की खोटा उतरतो. घट्ट ब्लाउजची बाही वर सरकवून तिच्यावर पट्टा बांधू नका, बाही काढायला लावा. माणूस काळीपिवळीतून उतरून धापा टाकत आला असेल तर पाच मिनिटं बसू द्या, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला. तंबाखूचा बार भरलेला असेल किंवा चहा नुकताच झाला असेल तर अर्धा तास थांबा. मोजताना सोयाबीनचा भाव विचारू नका, त्यानेच चढतो. आणि हवा फुस्सकन सोडायची नसते. पारा सेकंदाला दोन मिलिमीटर या बेताने उतरला पाहिजे, नाहीतर वरचा आकडा कमी लागतो आणि खालचा जास्त. पाऱ्याच्या यंत्रावर दोन-दोनच्या रेघा असतात, तरी १२५/८५ लिहिणारे आहेत. ती पाचाची रेघ मला एकदा दाखवा.

ताप लिहिताना सेल्सिअस की फॅरेनहाइट ते लिहा. ३९ वाचून नातेवाईक म्हणतात, "एवढाच?" तो १०२ च्या वर असतो. काखेतला असेल तर तसं नोंदवा, तो तोंडातल्यापेक्षा कमी भरतो. पाऱ्याचा थर्मामीटर झटकून पारा खाली आणल्याशिवाय लावू नका. एका मे महिन्यात एकीने खिडकीत तापलेला थर्मामीटर तसाच आजीच्या काखेत ठेवला आणि "मॅडम, एकशे सहा!" म्हणून ओरडत आली. आजी मांडी घालून चहात बिस्कीट बुडवत होत्या.

वेळ खरी लिहा. सहाचा टीपीआर आठला बसून भरू नका. मागे एका खाटेवरचा पेशंट संध्याकाळीच डिस्चार्ज घेऊन गावी गेला होता, तरी सकाळी सहाचा तक्ता भरलेला सापडला. ताप नाही, नाडी ८०, श्वास अर्थात वीस.