पेरणीची घाई नको, आधी पाऊस मोजा

मृग लागला की गावात पहिला ट्रॅक्टर कुणाचा निघतो ते बघायचं आणि मागोमाग सगळ्यांनी पेरून मोकळं व्हायचं, आपल्या मराठवाड्यात दरसाल हेच चालतं आणि दुबार पेरणीची वेळ पण बऱ्याचदा यातूनच येते. मृग दरवर्षी 7-8 जूनलाच लागतो हो, तो सूर्यावर ठरतो, ढगांचं त्याला काय माहीत! 2025 आठवा. मान्सून 24 मेला केरळात आणि 26 मेला मुंबईत, जिथं नेहमीची तारीख 11 जून आहे. सगळे म्हणाले यंदा लवकर उरकतंय, आणि मग गडी जो अडकला तो जूनच्या मध्यापर्यंत पुढं सरकायलाच तयार नाही.

म्हणून सोयाबीन, कापसाला 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय आणि वापसा, म्हणजे रानात ओल आहे पण चिखल नाही अशी स्थिती, आल्याशिवाय पेरू नका. हा पाऊस आपल्या रानात पडलेला पाहिजे, टीव्हीवरचा जिल्ह्याचा आकडा धरून उपयोग नाही, कारण नाल्याच्या अलीकडं धो धो आणि पलीकडं धुरळा असं आपण सगळ्यांनी पाहिलंय.

मोजायला खर्च काही नाही. सरळ उभ्या भिंतीची प्लास्टिकची बाटली घ्या, मान कापून तीच उलटी करून नरसाळ्यासारखी बसवा. बूड वाकडंतिकडं असतं, म्हणून सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी भरून खूण करा, तो झाला शून्य. वरचं पाणी पट्टीनं मोजा, जेवढे मिलिमीटर तेवढा पाऊस. झाड, घर, शेडपासून लांब, उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला वहीत लिहा, हवामान खातं पण त्याच वेळेला मोजतं. 1 मिलिमीटर म्हणजे एकरावर साधारण 4 हजार लिटर पाणी, एकदा हा हिशोब डोक्यात बसला की 10 मिलिमीटरच्या सरीवर कुणी पेरायला पळत नाही.

आता मागचं. महारेन या राज्य सरकारच्या पावसाच्या वेबसाईटवर आपल्या महसूल मंडळाचा (काही गावांचा मिळून एक गट) मागच्या वर्षांचा पाऊस मिळतो, पोरांना मोबाईलवर काढायला लावा. एकूण बेरीज बघून फसू नका, पावसाचा खंड कधी आणि किती दिवसांचा पडला ते बघा. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता, आणि सोयाबीनला शेंगा धरायचा टाईम नेमका तोच. तुमच्या मंडळात ऑगस्टचा खंड सारखा दिसत असेल तर हलक्या रानात लवकर येणारं वाण घ्या, मधे तुरीच्या ओळी टाका, आणि बीबीएफनं, म्हणजे रुंद वरंबा आणि बाजूला सरी अशा पद्धतीनं पेरलं तर सरीत पाणी मुरतं, जास्त झालं तर निघूनही जातं.

पुढच्या पाच दिवसांसाठी परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, मेघदूत ॲपवर पण दिसतो. जोराचा पाऊस सांगितला असेल तर युरिया टाकू नका, फवारणी पण थांबवा, सगळं धुऊन जातं. आणि दामिनी ॲप घराघरात पाहिजेच, जवळपास वीज पडत असली की ते सांगतं, मग झाडाखाली थांबायचं नाही, बैलं पण झाडाला बांधायची नाहीत.