एस-थ्री बकेट आपली, तरी फाइल उघडताना ४०३: माझा अनुभव

नाशिकच्या एका द्राक्ष निर्यातदाराकडे मी क्लाउडचं काम बघतो. रेसिड्यू (फळांवरच्या औषधांचे अंश) तपासणीचे रिपोर्ट लॅब स्वतःच्या एडब्ल्यूएस (अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा) खात्यातून आमच्या २०१९ च्या एस-थ्री बकेटमध्ये, म्हणजे क्लाउडमधल्या फाइल ठेवायच्या जागेत, टाकते. फाइल यादीत दिसायची. डाउनलोड केली की ‘४०३ अ‍ॅक्सेस डिनाइड’.

यूजरला अ‍ॅडमिन हक्क दिले, बकेट पॉलिसीत (बकेटच्या परवानग्यांची नियमावली) गेटऑब्जेक्ट, म्हणजे फाइल वाचायची परवानगी, घातलं. काहीच फरक नाही. कंटेनर दारात आणि रिपोर्ट उघडेना, जीव टांगणीला लागला होता.

खरी गोम मालकीत होती. जुन्या बकेटमध्ये फाइलचा मालक म्हणजे ती अपलोड करणारं खातं. आपल्या पॉलिसीतली परवानगी तिला लागूच होत नाही. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या बकेटना ही अडचण सहसा येत नाही, कारण तिथे एसीएल (कुठल्या खात्याला काय करता येईल याची जुनी यादी) मुळातच बंद असतात आणि प्रत्येक फाइल बकेटच्या मालकाची होते.

क्रम चुकवू नका. आधी लॅबच्या रोलला (ज्या ओळखीने त्यांची स्क्रिप्ट अपलोड करते) बकेट पॉलिसीत पुटऑब्जेक्टची, म्हणजे फाइल टाकायची, परवानगी द्या, रिसोर्समध्ये बकेटच्या नावापुढे स्लॅश आणि तारा हवाच. मग पर्मिशन्स टॅबमधल्या एसीएलमधून बाहेरच्या खात्याची नोंद काढा. ती राहिली तर पुढचं सेटिंग सेव्हच होत नाही. त्यानंतर ऑब्जेक्ट ओनरशिप, एडिट, ‘एसीएल्स डिसेबल्ड’, सेव्ह. जुन्या फाइल्सही त्याच वेळी आपल्या मालकीच्या होतात, पुन्हा अपलोड लागत नाही.

लॅबच्या स्क्रिप्टमध्ये वेगळा एसीएल लिहिला असेल तर तो काढायला सांगा, नाहीतर अपलोड ‘४००’ एरर देऊन अडेल. फाइल लॅबच्या केएमएस कीने (एडब्ल्यूएसमध्ये ठेवलेली कुलुपाची किल्ली) एन्क्रिप्ट केली असेल, तर त्या कीची परवानगी वेगळी मागावी लागते.