पिकअपचे पुढचे चाक तापत होते. दोष ब्रेकच्या होज पाइपात निघाला

नारायणगावहून वाशीला टोमॅटो नेताना पुढचे डावे चाक इतके तापे की, रिमवर टाकलेले पाणी चर्रकन उडून जाई. ब्रेकचे पॅड बदलले, कॅलिपरला (ऑइलच्या दाबाने पॅड आवळणाऱ्या भागाला) नवे किट घातले, तरी फरक पडला नाही. फार मनस्ताप झाला.

अखेर गाडी जॅकवर उचलून खाली घोडी (आधाराचा स्टँड) लावली आणि ब्रेक दाबून सोडला, तर चाक जाम राहिले. होजच्या, म्हणजे कॅलिपरपर्यंत ब्रेक ऑइल नेणाऱ्या रबरी नळीच्या, वरचा लोखंडी पाइपाचा नट सैल करूनही ते सुटले नाही. मात्र कॅलिपरचा ब्लीडर निपल (हवा व ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू) उघडताच ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक हाताने फिरू लागले, म्हणजे दाब रबरी होजमध्येच अडकत होता. बाहेरून धडधाकट दिसणारा तो होज कापला, तेव्हा आतले रबर फुगून सुईएवढेच भोक उरले होते. दोन्ही बाजूंचे होज बदलले, ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचेच सीलबंद ऑइल भरले आणि बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली.